रिओच्या पाण्याचा माग

रविवार, २० ऑगस्ट २०२३. रिओ दि जानेरो

साओ पावलोकडचे उसाचे फड बघून झाले. आता नुसतं हिंडायचं. तिकडं तोडणी ऐन भरात आहे. आपला गाळप हंगाम दिवाळीच्या आगंमागं, यांचा एप्रिल ते नोव्हेंबर. बघितलेल्या एकाही फडात कोयता दिसला नाही, सगळीकडं हार्वेस्टर.

कोपाकबानाच्या समुद्राकडेच्या रस्त्याची एक बाजू रविवारी गाड्यांना बंद असते. चौपाटी चार किलोमीटर. फुटपाथवर काळ्या-पांढऱ्या दगडी चिपांच्या लाटा काढल्यात, पोर्तुगीज धाटणीच्या. उघड्या अंगानं निवांत फिरणारी म्हातारी माणसं बघून आमचे तात्या आधी बावरले, तासाभरानं स्वतःच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात.

बाजारात उसाचा रस मिळाला. चरकाला घुंगरू नाही, रसात आलं नाही. सोबत गरम पस्तेल, म्हणजे पापुद्र्याची मोठी करंजीच. रसवंतीत घुंगरू पाहिजेच, यावर मात्र आमचं एकमत झालं.

सोमवार, २१ ऑगस्ट

आज नागपंचमी, आणि पहिला श्रावणी सोमवारही. आमच्या मोहोळात नागनाथाच्या देवळात गर्दी उसळली असेल. तात्यांचा उपास, केळी आणि शहाळ्यावर भागवलं.

शुगरलोफ बघितला. समुद्रातून ३९६ मीटर सरळ वर आलेला एकच खडक. पूर्वी रस आटवून मातीच्या निमुळत्या साच्यात ओतायचे, त्यातून निघणाऱ्या साखरेच्या ढेपेसारखा हा डोंगर, म्हणून हे नाव. आम्हा ऊसवाल्यांना याचं दर्शन घेणं भागच होतं. वर जायला तारेवरचा पाळणा, दोन टप्प्यांत. पहिला १९१२ मध्ये सुरू झाला, तेही अधल्या टेकडीपर्यंतच. पाळणा हलला तसे तात्या डोळे मिटून हरिपाठ पुटपुटायला लागले.

वरून शहर एकसंध दिसतच नाही. डोंगर, मधे घरं, पुन्हा डोंगर, मग खाडी. मोहोळच्या माळावर उभं राहिलं तर कारखान्याची चिमणी सोडून नजरेला काही अडत नाही. इथं प्रत्येक गल्लीच्या टोकाला एक हिरवा सुळका. समुद्र सुंदर आहेच, पण मला त्या हिरव्याचंच नवल वाटत राहिलं.

मंगळवार, २२ ऑगस्ट

त्या हिरव्याचा उलगडा आज झाला.

येशूच्या पुतळ्याकडं जाणारी दातेरी रुळांची गाडी १८८४ पासूनची. पुतळा त्यानंतर बराच, १९३१ चा. तीस मीटर उंच, वरून शंखजिऱ्याच्या बारीक तुकड्यांनी मढवलेला. आम्ही पोचलो तेव्हा ढगात निम्मा बुडालेला होता. लोक हात पसरून फोटो काढत होते, मीही काढला.

खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे गाडी ज्यातून जाते ते तिजुकाचं जंगल. वाटाड्यानं सांगितलं, हे बरंचसं माणसानं लावलेलं आहे. कॉफीच्या मळ्यांसाठी हे डोंगर उघडे केले, तसे झरे आटले आणि शहर पाण्यावाचून तडफडायला लागलं. मग सम्राट दुसऱ्या पेद्रोच्या सरकारनं मळे ताब्यात घेतले, आणि १८६१ मध्ये मेजर आर्चर यांच्यावर झाडं लावायची कामगिरी सोपवली. तेरा वर्षांत लाखाच्या घरात रोपं लागली. खड्डे खणणारे हात गुलामांचे होते. ब्राझीलमध्ये गुलामगिरी उठली १८८८ साली. फलकांवर मेजरसाहेबांचं नाव, त्या हातांची नावं शोधावी लागतात.

रुळांच्या कडेला फणस! मूळचा आपल्याकडचा, पोर्तुगीजांच्या काळात इकडं आलेला. इथल्या झाडांना तो जागाच ठेवत नाही, म्हणून वनखातं त्याच्या मागं लागलंय. काजूनं मात्र उलटा प्रवास केला, ब्राझीलहून गोव्याला. त्याला कुणी परका म्हणत नाही.

फोनवर घरची म्हणाली, अख्खा ऑगस्ट कोरडा चाललाय, खोडव्याची पानं गुंडाळायला लागलीत, उजनी धरण अजून भरलेलं नाही. इथं जंगलात बुटाखाली ओल.

बुधवार, २३ ऑगस्ट

सकाळी साडेनऊला हॉटेलच्या जेवणघरात चंद्रयान उतरताना मोबाइलवर पाहिलं. भारतात संध्याकाळचे सहा वाजून गेलेले. तात्यांनी टाळी वाजवली, तसं ऑम्लेट करणाऱ्या बाईनंही वाजवली, कशासाठी ते न विचारता.

दुपारी लापाच्या कमानी. पांढऱ्याशुभ्र, दोन मजली. अठराव्या शतकात डोंगरावरून कारिओका नदीचं पाणी शहरात आणायला बांधलेल्या. जवळच सेलारोन नावाच्या चिली देशातून आलेल्या कलावंतानं १९९० पासून फरशांच्या तुकड्यांनी सजवलेला २१५ पायऱ्यांचा जिना आहे. तिथं पोरापोरींची इतकी झुंबड की दहाव्या पायरीवरूनच परतलो.

कमानींखाली मात्र बराच वेळ थांबलो. वरून पिवळी ट्राम खडखडत गेली. पाणी बंद झाल्यावर १८९६ पासून याच पुलावरून ट्राम धावते, असं कळल्यावर तात्या म्हणाले, "मग आपल्या चारीतनं यष्टी सोडा म्हणावं. दोन वरसं झाली, पाणी तर येतच न्हाई."

रात्री विमान आहे. तात्यांची बॅग अजून भरायची आहे.