कर्ण कोणी काढला?

प्लेटोच्या 'मेनो' या संवादात एक मुलगा येतो. मेनोच्या घरचा गुलाम. प्लेटोने त्याला नावसुद्धा दिलेलं नाही. सॉक्रेटीस त्याच्यापुढे जमिनीवर दोन फूट बाजूचा चौरस काढतो आणि विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर बाजू किती घ्यायची? मुलगा बेधडक सांगतो, चार फूट. चाराची बाजू घेतली तर सोळा चौरस फूट होतात, हवे होते आठ. मग तो म्हणतो, तीन. तिनाचे होतात नऊ. तेव्हा तो हात टेकतो आणि मला खरंच येत नाही असं कबूल करतो. सॉक्रेटीस खूश होऊन मेनोकडे वळतो, की बघ, मघाशी याला वाटत होतं आपल्याला येतं. आता निदान येत नाही हे तरी त्याला कळलं.

हा पाठ मी पाचवीच्या वर्गाला घेतो, सॉक्रेटीसचं नाव न घेता. शाळेच्या व्हरांड्यात चौकोनी शहाबादी फरश्या आहेत. दोन बाय दोन, अशा चार फरश्यांना खडूने चौकट मारायची आणि आठ फरश्यांचा चौरस मागायचा. अडीच हजार वर्षांपूर्वीची उत्तरं त्याच क्रमाने येतात. "चार बाय चार, गुरुजी." मोजा. "सोळा! हे तर चौपट झालं." मग "तीन बाय तीन". मोजा. "एक फरशी जास्त झाली." इथून पुढे मात्र आमची पोरं त्या ग्रीक मुलाच्या पुढे जातात. कुणीतरी अडीच म्हणतं. अडीचकी पाठ असलेल्या आजोबांनी सव्वासहा हे उत्तर जागेवर दिलं असतं. ही पोरं अर्ध्या-पाव फरश्या जोडत तिथवर पोचतात. पावणेतीन घेतले तर साडेसाताच्या जरा वर जातं. "पावणेतीन आणि तीनच्या मधे कुठंतरी आहे," एक जण म्हणतो, आणि हे त्याचं वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या वाक्याइतकं नेमकं असतं. टेप आणला तरी त्यावरची कुठलीच रेघ बरोबर तिथे पडणार नाही, हे त्याला अजून ठाऊक नाही.

मग वर्ग गप्प होतो. माझ्या धंद्यातला सगळ्यात अवघड क्षण हाच. आता बोलायचं की थांबायचं?

सॉक्रेटीसने काय केलं ते नीट वाचण्यासारखं आहे. मी याला काही शिकवत नाही, नुसते प्रश्न विचारतो, असं तो मेनोला पुन्हा पुन्हा बजावतो. ज्ञान आत्म्यात आधीपासूनच असतं, शिकणं म्हणजे ते आठवणं, हे त्याला सिद्ध करायचंय. आणि मुलगा अडल्यावर हाच माणूस वाकून चौरसाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढतो. कर्ण सॉक्रेटीसने काढला. एवढंच नाही, जाणकार लोक या रेघेला काय म्हणतात तेही त्याने सांगून टाकलं. त्या कर्णावर उभा राहणारा चौरस आठ चौरस फुटांचा भरतो, हे मुलाने मोजून ओळखलं; पण रेघ त्याची नव्हती. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक यावर बरंच भांडलेत. शिक्षक म्हणून मला त्यात लबाडी दिसत नाही. योग्य वेळी सांगितलं, इतकंच दिसतं. तो मुलगा दोनदा आपटल्यानंतर ती रेघ आली, म्हणून ती त्याला दिसली. पहिल्याच मिनिटाला काढली असती तर तो मान डोलावून निघून गेला असता.

गंमत म्हणजे हीच गोष्ट आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे. चौरसाच्या कर्णावर ताणलेली दोरी दुप्पट क्षेत्रफळ देते, असं तिथे एका सूत्रात सरळ सांगितलंय. प्रश्न नाही, आठवणं नाही. वेदी बांधायची आहे, माप चुकून चालणार नाही, हे घ्या. अथेन्समध्ये तेच ज्ञान संवादातून आलं, इथे आज्ञेसारखं. दोन्हीकडे चौरस बरोबर दुप्पट झाला. सूत्र पाठ करणाऱ्याला ते समजत नाही असं आपण फार पटकन म्हणतो. दोरी हातात धरून जो वेदी आखतो त्याला ते समजलेलं असतंच.

आमच्या प्रशिक्षणांत मात्र सांगणं हे काही वर्षं जवळजवळ पाप झालं होतं. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतःच रचतं, हा शब्द आला आणि २०१५ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाल्यावर तो गावोगावच्या भिंतींवर रंगला. शिक्षक हा शिक्षक राहिला नाही, सुलभक झाला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून आले. त्या शाळांमध्ये पोरं खरोखर स्वतः शिकताना दिसत, आणि बघणाऱ्यांपैकी बरेच जण काही तरी घेऊन परतले. काहींनी परत येताना फक्त ऑइलपेंट घेतला. फरशीवर संख्यारेषा आणि अक्षरांची वर्तुळं आखली, फोटो केंद्रप्रमुखांना पाठवले आणि रचनावाद लागू झाला. या विचारामागच्या मानसशास्त्रज्ञ पियाजेने जिनिव्हात मुलांचं निरीक्षण करत घालवलेल्या आयुष्याचं अशा रीतीने दोन डब्यांत काम झालं.

न सांगता शिकवण्याचा आद्य ग्रंथ म्हणजे रूसोचा 'एमिल', १७६२चा. त्यात एक मस्त प्रसंग आहे. एमिलला सूर्य आणि दिशा यांचं काय काम, असा प्रश्न पडतो. गुरू उत्तर देत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला मोंमोरांसीच्या रानात फिरायला नेतो आणि वाट चुकल्याचं सोंग करतो. पोरगं भुकेलं, रडकुंडीला आलेलं. मग दुपारच्या सावलीवरून उत्तर, उत्तरेवरून दक्षिण, आणि घर. वाचताना हसू येतं, कारण हे सोंग प्रत्येक मास्तरने कधी ना कधी केलेलं असतं. "अरे, मला पण हे येईना, बघू कोण सांगतं." पण रूसोच्या गुरूकडे शिष्य एकच होता, तोही तान्हेपणापासून थेट लग्नापर्यंत. माझ्या दोनशिक्षकी शाळेत एका खोलीत तीन इयत्ता बसतात; तिघींना वेगवेगळ्या रानात नेणं जमत नाही. शिवाय पाचवीच्या पोरांना सोंग लगेच कळतं. चौथीतल्यांना कळतं पण ते बोलत नाहीत. (स्वतःची पाच मुलं अनाथालयात सोडणाऱ्या माणसाने हे पुस्तक लिहिलं, हे माझ्या मनातून कधीच जात नाही. पुस्तक त्याने वाईट होत नाही, पण वाचताना एक डोळा उघडा राहतो.)

सोंगाशिवाय गप्प राहण्याची युक्ती माँतेसरीने काढली. १९०७मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत तिने पहिलं बालगृह उघडलं. तिचे ते लाकडी दंडगोल आठवा: प्रत्येकाचं भोक वेगळं, चुकीच्या भोकात घातला तर शेवटी एक दंडगोल बिनघराचा उरतो. चूक वस्तूच सांगते, बाईंनी बोलायची गरज नाही. १९३९मध्ये ती भारतात आली आणि महायुद्धात इटालियन म्हणून स्थानबद्ध होऊन १९४६पर्यंत इथेच राहिली. पण आमच्या मातीत तिचं काम रुजवलं ते ताराबाई मोडकांनी. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंबरोबर भावनगरला शिकवून आलेल्या ताराबाई १९४५मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. महागडी लाकडी साधनं बाजूला ठेवून बिया, शिंपले, खडे आले. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात जाऊन बसली. आज सरकारी कागदावर जिला अंगणवाडी म्हणतात, तिचं मूळ या चालत जाण्यात आहे. शिक्षणाच्या तत्त्वज्ञानावर मराठीत जे काही मोलाचं लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं असं पायांनी लिहिलेलं आहे.

जॉन ड्युईने एक किस्सा सांगितलाय, १८९९च्या त्याच्या व्याख्यानांत. शिकागोत स्वतःची प्रयोगशाळा म्हणावी अशी शाळा काढल्यावर तो मुलांसाठी बाकं बघत दुकानं हिंडला. मनासारखी मिळेनात. शेवटी एक दुकानदार म्हणाला, तुम्हाला मुलांनी काम करायची बाकं हवीत, आमच्याकडची सगळी ऐकायची आहेत. हे वाचलं तेव्हा मला आमची बसकर पट्टी आठवली. वर्षानुवर्षं बाकं नव्हती म्हणून पोरं जमिनीवर बसायची, आणि पट्टी गुंडाळली की पूर्ण खोलीचं टेबल व्हायचं. आता लोकसहभागातून बाकं आली. गावाने प्रेमाने दिलीत, नाही कसं म्हणणार? चौरसाच्या पाठाला आम्ही व्हरांड्यात जातो.

ड्युईचे भक्त त्याच्या पुढे पळाले तेव्हा त्याने १९३८मध्ये एक छोटं पुस्तक लिहून त्यांना थांबवलं. प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, काही अनुभव पुढच्या शिकण्याची वाट बंद करतात, असं त्यात तो सांगतो. हा ड्युई कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचा गुरू. १९३६च्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचं ऋण मानलंय, आणि त्याच्याकडून उचललेला मुद्दाही कोणता, तर समाजाने वारशात आलेलं सगळंच पुढच्या पिढीच्या हाती द्यायचं नसतं, निवडून द्यायचं असतं. काय सांगायचं, काय गाळायचं, हा प्रश्न त्यांनी वर्गाच्या दाराबाहेर नेला.

तिथूनच मला त्या निनावी मुलाकडे बघावंसं वाटतं. जगातला सर्वांत नावाजलेला शिक्षक, सर्वांत नावाजलेला तास. तास संपल्यावर सॉक्रेटीस आणि मेनो सद्गुणाच्या चर्चेला लागतात आणि मुलगा संवादातून नाहीसा होतो. त्याला भूमिती का शिकवली? एक सिद्धांत पटवायला. त्याला पुढे काय हवं, हे कुणी विचारलं नाही. पद्धत इतकी सुंदर आणि हेतू मुलाच्या बाजूने शून्य.

जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्याची सुरुवात नेमकी उलट्या टोकाकडून होते. शिक्षण कुणाला मिळत नाही आणि कुणाच्या पैशातून चालतं, हा त्यांचा पहिला प्रश्न. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान द्या. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला नेमा, वेळ पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराचं हत्यार धरायला न लाजणारा. पद्धतीबद्दल जोतीराव तिथे फार बोलत नाहीत. पण शिक्षक कोण असावा हे ठरवलं की पद्धतीचा निम्मा निकाल लागतोच.

माझ्या शाळेत दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर मुलं येतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की जातात. बाकीच्या पोरांपुढे मी गप्प बसलो तर त्याची भरपाई घरी होते. कुणाचा दादा कॉलेजात असतो, कुणाची शिकवणी असते, कुणाच्या आईच्या हातात मोबाइल असतो. संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्यांचा कर्ण काढून देतं. ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्या पोरीला माझ्या थांबण्याची पूर्ण किंमत भरावी लागते, कारण तिच्याकडे माझ्याखेरीज सांगणारं कुणी नाही आणि तिचे महिने मोजके आहेत. म्हणून सुलभकाची सगळी प्रशिक्षणं केलेला मी तिला हातचा, दशांश, भागाकाराची मांडणी सरळ फळ्यावर सांगतो. चार उदाहरणं सोडवून दाखवतो, चार तिच्याकडून करून घेतो. व्हरांड्यातल्या फरश्यांच्या पाठाला तीही बसते, अडीचपर्यंत तीही जाते. तो पाठ तिला द्यायचा नाही असं मी कधी म्हणणार नाही. पण तेवढ्यावर तिला सोडणंही मला परवडत नाही.

एकदा अशाच एका पोरीचे वडील भरती करताना म्हणाले, "गुरुजी, हिला काट्यावरची पावती वाचता आली पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही बघा." शिक्षणाच्या हेतूवर इतकं थेट बोलणारं माणूस मला कुठल्या शिक्षण परिषदेत भेटलं नव्हतं. पावत्या मागवल्या. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं, निव्वळ, टनात दशांशासह. मग टनाचा दर, उचलीतून फिटलेले, मुकादमाकडे राहिलेले. मी सगळं सांगत गेलो, ती लिहीत गेली, आणि तिसऱ्या पावतीला तिने माझ्या आधी वजाबाकी केली. नंतर पेन्सिल एका ओळीवर टेकवून विचारलं, "गुरुजी, ही वजावट कशाची धरतात?"

मोळी ज्या वाढ्यांनी बांधतात त्यांची आणि पाचटाची, मी लगेच सांगितलं. "आणि ती किती धरायची ते कोण ठरवतं?" तेही मला माहीत होतं तेवढं सांगितलं. तिने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, आणि मधली सुट्टी झाली.