मंदगतीचें सुख

चाळिशी उलटलेल्या माणसानें खेळण्यांच्या दुकानांत जायचें तें मुलाचें बोट धरून, असा आपल्या समाजाचा अलिखित नियम आहे. बोट धरायला मूल नसेल तर निदान "भाच्यासाठीं हवें आहे" एवढें तरी दुकानदाराला सांगावें लागतें. मीं अलीकडे विजेवर चालणारें एक छोटें इंजिन विकत घेतलें तें मात्र सर्वस्वीं माझ्यासाठीं, आणि तसें सांगून घेतलें. त्याची किंमत येथें लिहीत नाहीं. हें मासिक आमच्या घरींहि वाचलें जातें.

इंजिन डब्ल्यूएपी-७ या जातीचें आहे. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या गाडीची वाट पाहत चंद्रपूरच्या फलाटावर जो कोणी उभा राहिला असेल, त्यानें या जातीचें खरें इंजिन पाहिलें असण्याचा बराच संभव आहे. चित्तरंजनच्या कारखान्यानें तें २००० सालीं प्रथम बाहेर काढलें. लांबी साडेवीस मीटर, वजन १२३ टन आणि अंगांत सहा हजारांहून अधिक अश्वशक्ति. माझें इंजिन त्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचें, म्हणजे साडेतेवीस सेंटिमीटर लांब. आमच्या पोळपाटावर ठेवलें तर त्याचीं दोन्ही टोकें काठाशीं येतात. येथें गणिताची एक गंमत आहे. लांबी सत्त्याऐंशी पटींनीं घटली, तशी रुंदी आणि उंचीहि घटली. तेव्हां वजन सत्त्याऐंशीच्या घनानें कमी व्हावयास हवें. हिशेब केला तर १२३ टनांचे उरतात अवघे १८७ ग्रॅम! इतक्या हलक्या इंजिनाला चार डबे ओढवणार नाहींत. चाकें जागच्या जागीं फिरत राहतील. म्हणून कारागीर त्याच्या पोटांत धातूचा ठोकळा बसवितात. पेटी उघडून मीं इंजिन उचललें तेव्हां खेळणें आणि यंत्र यांतील भेद डोळ्यांच्या आधीं तळहाताला कळला.

परंतु ज्या गुणासाठीं मीं तें घेतलें तो गुण निराळाच आहे. खऱ्या इंजिनाची थोरवी आपण वेगानें मोजतों. ताशीं १४० किलोमीटर म्हटलें कीं ऐकणाराच्या भुंवया वर जातात. छोट्या इंजिनांच्या जगांत नेमका उलटा न्याय आहे. धावायला काय, जत्रेंतलें चावीचें इंजिनहि धावतें. उत्तम इंजिन तें, जें अगदीं सावकाश चालूं शकतें. न अडखळतां, न गचके देतां, मुंगीच्या सोबतीनें. ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं. बारा व्होल्टची वीज रुळांतून चाकांत आणि चाकांतून मोटरींत जाते. वेग कमी करावयाचा म्हणजे ही वीज कमी करावयाची. आणि ती पुरेशी कमी झाली कीं रुळावरचा धुळीचा एक कणहि तिची वाट अडवितो. इंजिन तेथेंच थबकतें. मग बोटानें ढकलण्याची नामुष्की! यावर उपाय म्हणून मोटरीच्या दांड्यावर पितळेचें एक जड चाक बसविलेलें असतें. कुंभारानें काठी काढून घेतली तरी त्याचें चाक फिरतच राहतें, त्याप्रमाणें वीज क्षणभर तुटली तरी हें पितळी चाक आपल्या गतीच्या जोरावर इंजिनाला त्या कणापलीकडे नेऊन पोंचवितें. ज्या कारागिराकडून मीं इंजिन घेतलें त्याला माझा पहिला प्रश्न हाच होता: "तें किती हळू चालतें?" पलीकडून टेलिफोनवर क्षणभर शांतता पसरली आणि मग त्याच्या आवाजांत एकदम आपलेपणा आला. गिऱ्हाईक जाणतें आहे, हें त्याला उमगलें असावें.

माझी फळी आठ फूट लांब आहे. ताशीं १४० किलोमीटर या वेगाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्यानें इंजिन सोडलें तर तें साडेपांच सेकंदांत या टोकाचें त्या टोकाला जाईल. पहिल्या रात्रीं मीं तें या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वादोन मिनिटांत नेलें. खऱ्या जगांत हा वेग ताशीं साडेपांच किलोमीटर भरतो. म्हणजे देवळांत आरतीला उशीर झालेला गृहस्थ ज्या चालीनें निघतो ती चाल. दिवा मालविला होता. इंजिनाच्या कपाळावरचा प्रकाश रुळांवर वीतभर पुढें सरकत होता, आणि त्या प्रकाशांत आधीं एक खडा, मग गवताचें एक पातें, मग फलाटाची कड अशी एकेक वस्तु उजळून पुन्हां अंधारांत जात होती. दारांत आमच्या सौभाग्यवती उभ्या असल्याचें मला बऱ्याच वेळानें कळलें. "अहो, हें चालतें आहे कीं बंद पडलें आहे?" त्यांनीं विचारलें. इतकी मनासारखी पावती मला आजवर कोणी दिली नव्हती.

या छंदाचें बीज मनांत पडलें तें पुण्यास. तेथें कोथरूडांत जोशी यांचें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालापासून आहे. दिवे मंद करून त्या चिमुकल्या नगरांत रात्र आणली जाते, तेव्हां गर्दींतलीं मोठीं माणसें लहान मुलांपेक्षां अधिक गप्प होतात. तेथें पाहावयास मिळतें तें भरभरून वाहणारें शहर. मला हवें होतें आमच्याकडचें जंगल.

म्हणून माझ्या फळीवर आहे तो चांदा फोर्टहून वडशाकडे जाणारा मार्ग. केळझर, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी हीं नांवें ज्यांच्या कानांवर रोज पडतात त्यांना तो सांगावयास नको. पूर्वी यावर अडीच फुटी रुळांची लहान गाडी चालत असे. पुढें रूळ रुंद झाले, आणि आतां विजेचे खांबहि जंगलांतून उभे राहिले आहेत. मुंबईंत बोरीबंदरहून कुर्ल्याकडे देशांतली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं निघाली. तेथपासून या सागाच्या रानापर्यंत यावयास विजेला जवळजवळ शतक लागलें. माझे खांब पितळी काड्यांचे आहेत आणि त्यांवर ताणली आहे सतारीची तार. तीत वीज नाहीं. खऱ्या इंजिनाच्या माथ्यावरचा सांगाडा पंचवीस हजार व्होल्टच्या तारेला घासत जातो. माझ्या इंजिनाचा सांगाडा सतारीच्या तारेला नुसता स्पर्श करतो. एका काटेकोर मित्राला हें ढोंग वाटतें. शिवाय त्याचा दुसराहि आक्षेप आहे. आपल्या देशाचे रुंद रूळ या प्रमाणांत एकोणीस मिलिमीटरांहून थोडे अधिक हवेत. बाजारांत मिळतात ते साडेसोळांचे, युरोपच्या मापाचे. त्याचें गणित बिनचूक आहे. मीं त्याला चहा दिला आणि गाडी चालू केली. पावणेतीन मिलिमीटरांची ती उणीव त्यालाहि चहा संपेपर्यंत आठवली नाहीं.

आणि त्या तारेंत वीज नसली म्हणून काय झालें? आमच्या गांवांत वीज कोठून येते हें मुलांना दाखवावयाचें तर गच्चीवर जाऊन औष्णिक केंद्राच्या धुरांड्यांकडे बोट केलें कीं पुरतें. कोळसा येथलाच, वीज येथलीच, आणि विजेचीं इंजिनें कोळशाच्या वाघिणी ओढतात तींहि येथेंच. त्या प्रचंड राहाटगाडग्यांतून एक चिमूट वीज माझ्या फळीवर सांडते, एवढेंच.

फळीच्या डाव्या हाताला एक वळण आहे. तेथें सागाच्या फुलोऱ्याच्या वाळक्या काड्यांना रंगविलेला भुसा चिकटवून मीं दाट रान केलें आहे. या वळणावर मी गाडी सर्वांत हळू नेतों. नोव्हेंबर २०१८ मध्यें याच मार्गावर, चंद्रपूरपासून फार दूर नसलेल्या जुनोन्याच्या जंगलांत, वाघाचे तीन बछडे गाडीखालीं सांपडून मेले. भरधाव गाडीला ब्रेक लावल्यावरहि थांबावयास कित्येकशें मीटर लागतात. वळणावर चालकाला दिसतें तें त्याहून कितीतरी कमी. जंगलांतून जाणारी गाडी सावकाश जावी, असें मला तेव्हांपासून वाटत आलें आहे, आणि माझ्या फळीवर तरी तसा कायदा करावयास कोणाची परवानगी लागत नाहीं.

गेल्या दिवाळींत माझी बहीण, मेहुणे आणि भाचा गडचिरोलीहून आले. मेहुण्यांनीं माझी गाडी पाहिली, वळणावरची तिची चालहि पाहिली, आणि मीं मोठ्या उत्साहानें मंदगतीचें माहात्म्य सांगितलें तेंहि शांतपणें ऐकून घेतलें. मग ते म्हणाले, "तुमचें इंजिन फार सुरेख आहे. पण तुम्हांला मंदगति परवडते, कारण तुम्हांला कोठें जावयाचें नाहीं." त्यांच्या आईला दोन वर्षांपूर्वी रात्रीं नागपूरला न्यावें लागलें होतें. त्या रात्रीची हकीकत मला ठाऊक होती, गडचिरोलीहून निघालेली ती मोटार, पावसाळी रस्ता, आणि प्रत्येक गांवच्या दिव्यापाशीं "आतां किती उरलें?" हा म्हातारीचा प्रश्न. जिल्हा १९८२ सालीं वेगळा झाला, तरी बरींच वर्षें त्याला रेल्वेचें स्टेशन म्हणजे काय तें वडसा. आणि वडशापासून जिल्ह्याच्या गांवापर्यंत पन्नासएक किलोमीटर. त्या नव्या मार्गाचें काम कित्येक वर्षें चाललेलें आहे. ज्याची आई मोटारींत कण्हत आहे त्याला वळणावरच्या वाघासाठीं गाडी हळू न्या, हें कोणत्या तोंडानें सांगावें? आणि वाघिणीनें तरी आपलें गाऱ्हाणें कोणत्या तोंडानें सांगावें? मेहुण्यांना मीं उत्तर दिलें नाहीं. माझ्याजवळ तें नव्हतें, अजूनहि नाहीं. वेगाची चकती फिरवून मीं गाडी थोडी जलद केली, तेव्हां तेच म्हणाले, "राहूं द्या. हळूच छान दिसते."

भाच्याला या वादांत रस नव्हता. तो फळीला हनुवटी टेकवून एका डोळ्यानें बोगद्यांत पाहत होता. "मामा, ही गाडी गडचिरोलीला जाते का?" त्यानें विचारलें.

मीं म्हटलें, "वडशाला संपते. फळीच तेथें संपली."

"मग फळी वाढवूं या कीं!"

आम्हीं दोघांनीं कागद घेतला. पन्नास किलोमीटरांचा सत्त्याऐंशीवा हिस्सा पावणेसहाशें मीटर आला. म्हणजे रूळ या खोलींतून ओसरींत, ओसरींतून अंगणांत, तेथून रस्त्यानें पिठाच्या गिरणीवरून पुढें शाळेपर्यंत न्यावे लागणार. एक रूळ तेवीस सेंटिमीटरांचा. भाच्यानें जीभ बाहेर काढून भागाकार केला. अडीच हजार रूळ! मीं हळूच स्वयंपाकघराकडे पाहिलें. तिकडे कोणाचें लक्ष नव्हतें.

पेटींत शिल्लक निघाले एकोणीस. ते आम्हीं त्याच संध्याकाळीं जमिनीवर जोडले. फळीच्या पायथ्यापासून निघून ते बरोबर ओसरीच्या उंबरठ्याशीं संपले. तेथें भाच्यानें पुठ्ठ्याचें एक स्टेशन उभें करून त्यावर नांव घातलें. इंजिन उचलून खालीं ठेवलें, सतारीची तार येथें नव्हती म्हणून त्याच्या माथ्यावरचा सांगाडा मीं अलगद मिटला, आणि चकती भाच्याच्या हातांत दिली. त्यानें ती किती फिरवावी हें मीं सांगितलें नाहीं. मेहुणे उंबरठ्यापलीकडे पाट घेऊन बसले होते. गाडी येण्याची वेळ त्यांनीं दोनदां विचारली.