मेघांच्या दक्षिणेस

चीन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एकच भाषा व एकच रीत असलेला अफाट जनसमूह उभा राहतो. युन्नान प्रांतांत पाऊल टाकतांच ही कल्पना मावळते.

‘युन्नान’ म्हणजे मेघांच्या दक्षिणेचा प्रदेश. चीनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील हा प्रांत ब्रह्मदेश, लाओस व व्हिएतनाम यांच्या सीमांस भिडलेला आहे. हान लोकांखेरीज यी, हानी, नाशी, लिसू, मियाओ, तिबेटी इत्यादि २५ जमाती तेथें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. प्रांताच्या लोकसंख्येपैकीं सुमारें एक तृतीयांश लोक त्यांचे. इतके निरनिराळे लोक एका प्रांतांत कसे टिकले, याचें उत्तर बरेंचसें तेथील भूमीच देते. वायव्येस ६,७४० मीटर उंचीचें कावागेबो शिखर, तर आग्नेयेस समुद्रसपाटीपासून शंभर मीटरहि उंच नसलेलें खोरें! यांगत्से, मेकाँग व साल्वीन या तीन महानद्या उत्तुंग डोंगरांमधून जवळजवळ समांतर वाहतात आणि पुढें तीन निरनिराळ्या समुद्रांस मिळतात. अशा दऱ्याखोऱ्यांच्या आश्रयानेंच बहुतेक जमातींच्या बोली टिकून राहिल्या.

परंतु डोंगर माणसांस दूर ठेवितात तसे जवळहि आणतात, हें आम्हीं युआनयांग येथील हानी लोकांच्या भातखाचरांत पाहिलें. माथ्यावर राखलेलें अरण्य, त्याखालीं गांव, गांवाखालीं पायऱ्यापायऱ्यांचीं खाचरें आणि तळाशीं नदी. अरण्यांत झिरपलेलें पाणी पाटांनीं खालीं उतरतें. पाट जेथें फुटतो तेथें एक आडवें लांकूड बसविलेलें असतें. त्यास प्रत्येकाच्या वांट्याप्रमाणें कमीअधिक रुंदीच्या खांचा पाडलेल्या असतात. पाटांची देखरेख करण्यास गांवानें मनुष्य नेमलेला असतो. सुमारें तेराशें वर्षें चालत आलेल्या या व्यवस्थेस २०१३ सालीं जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.

ज्या शेतकऱ्याच्या घरीं आम्ही उतरलों होतों, त्याचे दोघेहि मुलगे मजुरीसाठीं शहरांत गेले होते. वर्षांतून भाताचें एकच पीक. त्यावर संसार चालत नाहीं, असें त्यानें दुभाष्यामार्फत सांगितलें. त्याचा नातू आजोबांची बोली समजतो, परंतु उत्तर चिनी भाषेंत देतो. खाचर कोरडें पडलें तर बांधास भेगा पडतात, आणि एक बांध खचला कीं खालच्या खाचरांचेंहि नुकसान होतें.

प्रातःकाळीं त्या जलदर्पणांचीं छायाचित्रें घेण्यास प्रवाशांची गर्दी लोटे; त्या गर्दींत आम्हीहि होतों. हें सौंदर्य टिकावें म्हणून त्या मुलांनीं गांवींच राहावें, असें म्हणण्याचा आम्हां पाहुण्यांस काय अधिकार? आणि ते परतलेच नाहींत तर पुढें कोणी काय पाहावें? या दोन प्रश्नांचा मेळ आम्हांस अद्यापि घालतां आलेला नाहीं.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं तो वृद्ध पाटाच्या लांकडापाशीं वांकून एका खांचेंत अडकलेला पाला काढीत होता. ती खांच त्याची नव्हती. ती ज्याची, तो शेजारी दोन वर्षें शहरांत होता; परंतु त्याच्या वांट्याचें पाणी त्याच्या खाचरांत जातच होतें.

“ओल राहिली तर धनी परत येईल,” एवढेंच तो म्हणाला.