फोनवर सांगितलेलं शिल्प

1962. शिल्पकार टोनी स्मिथनं न्यू जर्सीतल्या नेवार्क इथल्या 'इंडस्ट्रियल वेल्डिंग' कंपनीला फोन केला. सहा फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच खोका. पाव इंची हॉट रोल्ड प्लेट. आतून तिरके आधार. एवढ्या सांगण्यावर 'डाय' हे शिल्प उभं राहिलं. ही गोष्ट बहुतेक वेळा 'शिल्पकारानं स्वतः काहीच केलं नाही' या सुरात सांगितली जाते. माझं लक्ष मात्र त्या तिरक्या आधारांवर अडतं. कारखान्यात उभा न राहिलेला माणूस मापं सांगून फोन ठेवतो. आतल्या आधारांचं त्याला सुचत नाही.

*

हिशेब करून पाहा. सहा बाजू, प्रत्येकी 36 चौरस फूट, म्हणजे 216 चौरस फूट प्लेट. या जाडीला वजन जवळपास एक टन भरतं. एवढी प्लेट मधोमध झोल खाते. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेनं ती ओढली जाते. म्हणून आधी सगळीकडे टाके मारायचे, दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे भरले तरच पुढे जायचं. एकाच कडेला सलग वेल्ड ओढत नेला की खोका पिळतो. शेवटची बाजू तर बाहेरूनच बंद करावी लागते, आत हात पोचत नाही. पुतळ्याच्या पदराच्या चुणीत पाव इंचाची चूक मुरून जाते; घनाच्या कडेवर ती लांबूनही दिसते. साधं दिसणारं काम अवघड असतं, हे कुठल्याही फॅब्रिकेटरला सांगावं लागत नाही.

*

स्मिथचा जन्म 1912 चा, न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंजचा. घरचा कारखाना पाण्याच्या कामाचा: व्हॉल्व्ह, रस्त्यावरचे आग विझवायचे नळ, मुख्य वाहिनीला पाणी न तोडता जोड देण्याची यंत्रं. लहानपणी त्याला क्षय झाला, म्हणून परसात एक वेगळी खोली बांधून त्याला तिथं ठेवलं. औषधांच्या रिकाम्या खोक्यांची घरं रचत तो वेळ काढायचा. पुढे दिवसा त्याच कारखान्यात टूलमेकर आणि ड्राफ्ट्समन, संध्याकाळी न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये चित्रकला.

मग वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटच्या कामावर. पेनसिल्व्हेनियातल्या आर्डमोरमध्ये घरं बांधली जात होती, तिथं सुताराचा मदतनीस, विटांचं काम, आणि नंतर साइटची देखरेख. त्यानंतर बरीच वर्षं तो वास्तुरचनाकार म्हणून घरं बांधत राहिला. शिल्पकार म्हणून पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं तेव्हा त्यानं चोपन्नावं वर्ष गाठलं होतं. मला हा उशीर वाटत नाही. इतकी वर्षं तो मापंच शिकत होता.

*

समीक्षक यूजीन गूसन यांच्या टेबलावर कार्डं ठेवायची एक पेटी होती. स्मिथनं ती पाहिली आणि त्याची झोप उडाली. फोन करून मापं विचारली, पाचपट केली, ड्रॉइंग काढून कारखान्यात पाठवलं. हे त्याचं पोलादातलं पहिलं शिल्प, 'ब्लॅक बॉक्स'. 'डाय'च्याच वर्षीचं.

*

'डाय' आणखी मोठं का नाही, यावर त्याचं उत्तर असं की त्याला स्मारक करायचं नव्हतं. मग लहान का नाही? कारण त्याला वस्तूही करायची नव्हती. सहा फुटांचा घन साधारण माणसाच्या डोळ्यांच्या वर जातो, पण त्याला दडपून टाकत नाही. त्याच्याच 'फ्री राइड' या शिल्पाची उंची सहा फूट आठ इंच: अमेरिकेत दारासाठी वापरतात ते नेहमीचं माप. संगमरवर कोरणाऱ्याला हे माप सुचलं नसतं. चौकट बसवलेल्या हाताला ते पाठ असतं.

*

1966 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युइश म्युझियममधल्या 'प्रायमरी स्ट्रक्चर्स' प्रदर्शनात 'फ्री राइड' होतं, आणि तेव्हापासून स्मिथ मिनिमलिस्टांच्या रांगेत बसवला गेला. पण तो त्यांच्यातल्या बहुतेकांपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा, आणि त्याची दोस्ती पोलॉक, न्यूमन, रॉथको या चित्रकारांशी. त्याची घडणही निराळी. तो चतुष्फलक आणि अष्टफलक पुठ्ठ्यात कापायचा, एकमेकांना जोडून पाहायचा, आणि शिल्प जिकडे वळेल तिकडे वळू द्यायचा. त्यामुळे त्याची मोठी कामं एका बाजूनं पाहून दुसऱ्या बाजूचा अंदाज येत नाही. मला यातच त्याचं खरं मोठेपण दिसतं.

*

एक तक्रार मात्र आहे. कारखान्याचं नाव या गोष्टीत अमर झालं, पण कर्ण मोजणाऱ्या, टाके मारणाऱ्या माणसांची नावं कुणी सांगत नाही. संग्रहालयाच्या पाटीवर ती असायला हवीत. जो स्वतः कारखान्यातून आला त्याच्या पाटीवर तर नक्कीच.

*

'स्मोक' हे त्याचं शिल्प 1967 मध्ये वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीत उभं राहिलं, तेव्हा ते काळा रंग दिलेल्या प्लायवुडचं होतं. दोन मजली दालन भरून टाकणारं, चोवीस फुटांच्या आसपास उंच. धातूत करायला स्मिथच्या हयातीत जमलं नाही. तो 1980 मध्ये गेला. अॅल्युमिनियममध्ये ते 2005 मध्ये तयार झालं आणि आता लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयात आहे. प्रत्येक जोडाचा कोन भूमितीनंच बांधलेला असल्यामुळे स्मिथला न भेटलेल्या कामगारांनाही ते बांधता आलं.