चिकटपट्टीची चिठ्ठी

गेल्या दिवाळीत मी बेळगावातच एक जुनी बाईक घेतली. २०२० सालचं, फ्युएल इंजेक्शनचं मॉडेल. आधीच्या मालकाने ती बरेच दिवस उभीच ठेवली होती. एअर फिल्टर उघडला तर आत उंदराने कापूस-कागदाचा संसार थाटलेला! मग एअर बॉक्स, थ्रॉटल बॉडी, सेन्सर सगळंच काढून साफ करायला घेतलं.

"काय करूलास?" म्हणत बाबा खुर्ची घेऊन अंगणात आले. उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये त्यांची चौतीस वर्षं गेली आणि त्या आवाजात कानही गेले. "काढशील त्या प्रत्येक नळीला चिकटपट्टी लाव, वर नंबर घाल," ते म्हणाले.

मी बीई, रोज कोड लिहिणारा. मोठ्याने म्हणालो, "बाबा, हे कार्ब्युरेटरचं नाही. यात कॉम्प्युटर आहे."

ते काही बोलले नाहीत. खुर्ची उचलून आत गेले.

पुढच्या रविवारी नवा फिल्टर घालून सगळं जोडलं. सेन्सरचे कनेक्टर खटकन बसले, क्लॅम्प आवळले. स्टार्टर दाबला. गाडी धापा टाकत सुरू झाली आणि बंद पडली. चार-पाच वेळा तेच.

बाबा दारात आले. आवाज ऐकून नव्हे, वासाने. "पेट्रोल जास्त जातंय. प्लग काढून बघ."

प्लग काजळीने काळाकुट्ट झाला होता.

"फिल्टर नवा आहे, म्हणजे हवा अडलेली नाही. मग पेट्रोल किती सोडायचं ते तुझ्या कॉम्प्युटरला सांगतंय कोण?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सांगतो तो दाब मोजणारा सेन्सर. इंजिन हळू फिरत असताना थ्रॉटलच्या पुढे हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा खूप कमी असतो. सेन्सरला तो एका बारीक रबरी नळीतून कळतो. ती नळी निसटली तर सेन्सरला बाहेरचा पूर्ण दाब दिसतो. कॉम्प्युटरला वाटतं, थ्रॉटल पुरता उघडलाय, आणि तो पेट्रोल ओतत राहतो. इनपुटच चुकीचा, तिथे प्रोग्रॅम काय करणार?

टॉर्च मारली. नळी फ्रेमच्या मागे लोंबकळत होती. काढताना चिठ्ठी लावली असती तर विसरलोच नसतो.

नळी बसवली, प्लग पुसला. गाडी एका दमात सुरू झाली. बाबांनी टाकीवर तळहात टेकवला, क्षणभर तसाच ठेवला. "आता बरोबर."

"बाबा, चिकटपट्टी लावायला हवी होती," मी म्हणालो. मोठ्याने म्हणायला मात्र धीर झाला नाही. त्यांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. गोव्याकडे उतरू लागलं की हवा दाट होत जाते आणि हाच सेन्सर पेट्रोलचा हिशेब सांभाळतो. येत्या रविवारी चोर्ला घाट उतरून ते बघायचंय. मागच्या सीटवर बाबा आहेत. आज सकाळीच त्यांनी माझ्या टूलबॉक्समध्ये चिकटपट्टीचं एक नवं रीळ आणून ठेवलंय.