रिकाम्या रकान्याचा हक्क

शासनाचे प्रत्येक खाते माहिती गोळा करते ती आपल्या कामापुरती. महसूल खात्याला जमीन कोणाच्या नावावर लागली आहे हे हवे असते, शाळेला मूल कोणत्या इयत्तेत बसवायचे हे हवे असते आणि निवडणूक यंत्रणेला मतदार कोणत्या यादीत येतो हे हवे असते. त्यामुळे एकाच माणसाची नोंद तीन दप्तरांत तीन तऱ्हांनी होते, आणि ज्या त्या दप्तरापुरती ती बरोबरही असते. अडचण सुरू होते ती एका खात्याची नोंद दुसऱ्या खात्याच्या संगणकाने वाचायची ठरल्यावर, कारण आलेल्या मजकुरातला कोणता तुकडा नाव, कोणता गाव आणि कोणता दिनांक हे ओळखायला तेथे कोणी कारकून बसलेला नसतो. ही ओळख मजकुराबरोबरच लिहून पाठवण्याची जी रीत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली, ती एक्सएमएल. छपाईच्या जगात १९८६पासून प्रमाण असलेल्या एसजीएमएल या अवजड पद्धतीची ती छाटून सुटसुटीत केलेली आवृत्ती आहे.

तिचे मूळ तत्त्व साधे आहे. प्रत्येक माहितीच्या आधी आणि नंतर कोनी कंसांत तिचे नाव लिहायचे, या नावांना टॅग म्हणायचे, आणि कोणते टॅग कोणत्या क्रमाने, किती वेळा व कोणत्या प्रकारच्या मजकुरासह यावेत याचे नियम ‘स्कीमा’ नावाच्या वेगळ्या दस्तऐवजात बांधून ठेवायचे. पाठवणारे खाते फाइल पाठवण्यापूर्वी आणि घेणारे खाते ती उघडण्यापूर्वी याच स्कीमाशी ताडून पाहते. पद्धत युनिकोडवर उभी असल्याने टॅगचे नाव देवनागरीत ठेवायलाही तिची हरकत नसते. <जन्मदिनांक> हा टॅग नियमात बसतो. आतला दिनांक मात्र देवनागरी अंकांत लिहिला, तर स्कीमातला दिनांक हा प्रकार तो नाकारतो, कारण त्याला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम लागतो आणि आकडे शून्य ते नऊ या इंग्रजी चिन्हांतलेच लागतात.

मराठी माहितीच्या बाबतीत युनिकोडने जुना मोठा त्रास मिटवला, यात शंका नाही. त्यापूर्वीच्या फॉन्टांत देवनागरी अक्षरांच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर गावांची यादी उघडली की समोर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग येई. तरीही सगळे आलबेल झालेले नाही. कऱ्हाड हे नाव युनिकोडात दोन प्रकारे लिहिता येते: नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणक मात्र त्यांना दोन वेगळी गावे समजतो, आणि एक्सएमएलचा कोणताही नियम त्याला अडवत नाही. गाव नावाने न ओळखता केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने चालवलेल्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतल्या सांकेतिक क्रमांकाने ओळखावे, आणि नाव केवळ माणसाने वाचण्यासाठी सोबत ठेवावे, हा त्यावरचा उपाय रुक्ष असला तरी रास्त आहे.

या साऱ्या अडचणी चिकाटीने सुटणाऱ्या आहेत. स्कीमा लिहिणाऱ्याच्या कारागिरीचा खरा कस लागतो तो एका लहानशा निर्णयात: कोणता रकाना सक्तीचा ठेवायचा आणि कोणता रिकामा राहू द्यायचा. प्रत्येक घटक किमान किती वेळा यावा हे स्कीमात एका आकड्याने सांगितलेले असते. तो आकडा एक असला तर माहिती द्यावीच लागते, शून्य असला तर ती नसली तरी फाइल ग्राह्य ठरते. बैठकीत प्रत्येक खात्याच्या प्रतिनिधीला आपला रकाना सक्तीचा हवा असतो, आणि एक म्हणायला कोणाला काही कष्टही पडत नाहीत.

या सक्तीतून काय निपजते हे पाहण्यासाठी संगणकापर्यंत जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रात जुन्या पिढीतल्या असंख्य माणसांचा शाळेच्या दाखल्यावरचा जन्मदिनांक १ जून आहे. जन्माची नोंद नाही, आईवडिलांना दिवस आठवत नाही, शाळा जूनमध्ये सुरू होते, आणि जनरल रजिस्टरचा रकाना तर भरलाच पाहिजे. अशा वेळी गुरुजींनी वय पुरे पडेल असे वर्ष धरून १ जून लिहिले आणि मुलाला वर्गात बसवले. शाळेपुरती ती सोय होती, आणि माणुसकीला धरूनही होती. पण तीच नोंद पुढे नोकरीच्या सेवापुस्तकात, मतदार यादीत, निवृत्तिवेतनाच्या कागदांत आणि शेवटी एक्सएमएल फाइलमध्ये उतरली, आणि प्रत्येक मुक्कामावर तिच्यातला अंदाज गळून पडत तिची खात्री वाढत गेली. आता दोन खात्यांच्या याद्या नाव आणि जन्मदिनांक यांवरून जुळवू गेल्यास एकाच तालुक्यातल्या एकाच नावाच्या, एकाच वर्षी १ जूनला जन्मलेल्या दोन व्यक्ती एक ठरण्याचा धोका असतो, आणि त्यांतल्या एकीचे अनुदान अडते.

नव्या काळात हीच गोष्ट निराळ्या रूपांत दिसते. मोबाइल क्रमांक सक्तीचा केला की दहा वेळा नऊ लिहिलेला क्रमांक येतो, पतीचे नाव सक्तीचे केले की अविवाहित स्त्रीच्या नोंदीत नुसते टिंब येते, आणि स्कीमा या दोन्हींना बिनतक्रार पास करते, कारण तिला आकार कळतो, खरेपणा कळत नाही. सक्तीचा रकाना माहिती मिळवून देत नाही. माहिती नसेल तेथे तो खोटी माहिती तयार करवून घेतो, आणि ती खोटी आहे हे ओळखण्याची खूणही मागे ठेवत नाही.

वास्तविक रिकामेपणाचेही प्रकार असतात. माहिती विचारलीच नाही, विचारली पण ठाऊक नाही, आणि ती या व्यक्तीला लागूच नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांवरून घेणाऱ्या खात्याने करायची कामेही वेगळी आहेत. एक्सएमएलमध्ये घटक गाळता येतो. घटक ठेवून ‘यात मूल्य नाही’ असे ‘निल’ या खुणेने स्पष्ट सांगता येते. आणि सोबत कारणाचा सांकेतिक क्रमांकही देता येतो. दिनांकाच्या बाबतीत तर केवळ वर्ष, किंवा वर्ष आणि महिना, असे स्वतंत्र प्रकार २००१च्या एक्सएमएल स्कीमाच्या प्रमाणातच दिलेले आहेत. साधने हाताशी असूनही ती वापरली जात नाहीत, कारण अर्धवट दिनांक आला की घेणाऱ्या खात्याचा प्रोग्राम अडखळतो, आणि प्रोग्राम दुरुस्त करण्यापेक्षा नागरिकाला दिवस विचारणे स्वस्त वाटते.

या बाबतीत अमेरिकेतला एक प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर तेथील यंत्रणांनी एकमेकींपासून माहिती राखून ठेवल्याची जाहीर चर्चा झाली, आणि २००५ साली न्याय विभाग व अंतर्गत सुरक्षा विभाग यांनी मिळून ‘नॅशनल इन्फर्मेशन एक्स्चेंज मॉडेल’, म्हणजे नीम, सुरू केले. पोलीस, न्यायालये आणि तुरुंग यांच्यासाठी आधी तयार झालेला एक्सएमएल शब्दसंग्रह हा त्याचा पाया होता. नीमच्या मूळ संग्रहात व्यक्ती, पत्ता, वाहन अशा गोष्टींचे घटक व्याख्यांसह आहेत, आणि ते जवळजवळ सगळे ऐच्छिक आहेत. ज्या दोन यंत्रणांना देवाणघेवाण करायची असेल त्यांनी संग्रहातून हवे तेवढेच घटक उचलावे, सक्ती त्या देवाणघेवाणीपुरतीच लावावी, आणि हे सारे एका दस्तऐवज-संचात लिहून प्रसिद्ध करावे. जन्मदिनांकात नुसते वर्ष देण्याची मुभा तेथे आहे. नोंद कोणी दिली, केव्हा दिली, ती कितपत भरवशाची, हे सांगणाऱ्या घटकांचीही सोय आहे. नीम बोजड आहे, शिकायला वेळ घेते, ही तक्रारही खरी आहे. पण तो बोजा बराचसा प्रामाणिकपणाचा आहे.

भारतातही या विचाराची उदाहरणे आहेत. आधार नोंदणीत जन्मदिनांक पडताळलेला आहे की केवळ सांगितलेला, हा भेद केला जातो. तो भेद दिनांकाबरोबर पुढच्या प्रत्येक खात्यापर्यंत प्रवास करायला हवा. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल ही डिजिटल स्वाक्षरी केलेली एक्सएमएल फाइलच असते, आणि तिच्यात काय नाही हे अधिक बोलके आहे: पूर्ण आधार क्रमांक तिच्यात नसतो, त्याचे शेवटचे चार अंक व वेळेची नोंद मिळून झालेला संदर्भ क्रमांक असतो, आणि मोबाइल क्रमांक उघड न देता त्यावरून गणिताने काढलेली, उलट न फिरवता येणारी खूण असते. येथे रिकामी जागा अज्ञानातून आलेली नसून ठरवून ठेवलेली आहे. स्वाक्षरीविषयी मात्र गैरसमज फार आहे. मजकूर कोणी दिला आणि वाटेत तो बदलला नाही, एवढेच स्वाक्षरी सांगते. गुरुजींच्या १ जूनवर स्वाक्षरी केल्याने तो खरा जन्मदिवस होत नाही.

नावाच्या रचनेतही हाच प्रश्न नव्याने उभा राहणार आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. पण त्या दिवसापूर्वी जन्मलेली कोट्यवधी माणसे त्याच याद्यांत राहणार आहेत, आणि आईच्या नावाचा घटक सरसकट सक्तीचा केला तर त्यांच्या नोंदींत पुन्हा टिंबे उमटतील.

एक्सएमएलचे दिवस सरले, असे अलीकडे म्हटले जाते. आयकर विवरणपत्राच्या फाइली २०२१पासून जेसॉन या अधिक आटोपशीर पद्धतीत गेल्या हे खरे, तसे रिझर्व्ह बँकेच्या आरटीजीएस व्यवहारांचे संदेश एक्सएमएलवर आधारलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात चालतात हेही खरे. कंस बदलले तरी सक्तीचा प्रश्न बदलत नाही. म्हणून स्कीमा ठरवणाऱ्यांना विनंती एवढीच, की एखाद्या घटकापुढे एक हा आकडा लिहिण्यापूर्वी सेतू केंद्रात फॉर्म भरणाऱ्या ऑपरेटरला विचारावे, की समोरच्या माणसाला हे ठाऊक नसेल तर तुम्ही काय टाइप करता. आणि तो जे सांगेल ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे.