आकाशातला खड्डा

चला, आज आपण दिल्लीहून विमानाने लेहला जाऊ या. प्रवास जेमतेम दीड तासाचा, पण उठायचं मात्र भल्या पहाटे! लेहची विमानं बहुतेक सकाळीच सुटतात. का, ते पुढे कळेलच.

खिडकीतून खाली बघा. मैदानं संपली, हिरवे डोंगर मागे पडले आणि आता नजर पोहोचेल तिथवर बर्फाची शिखरं! इतक्यात विमान धाडकन खाली जातं. पोटात गोळा येतो. शेजारचे काका धीर देतात, "घाबरू नकोस बाळ, एअर पॉकेट आहे. इथं हवाच नसते."

वर्तमानपत्रंही लिहितात, 'विमान हवेच्या पोकळीत सापडले.' पण आकाशात अशी बिनहवेची जागा नसतेच. समजा झालीच, तर भोवतालची हवा क्षणात तिथे धावून येईल.

मग विमान खाली का जातं? ओढ्याचं पाणी धोंड्यावरून कसं उसळतं आणि पलीकडे कसं खाली येतं, ते आठवा. डोंगर ओलांडताना वारा तसंच करतो. झंस्कारमधली नुन आणि कुन ही शिखरं तर सात हजार मीटरांहून उंच! वर जाणारा प्रवाह विमानाला उचलतो, खाली येणारा खाली नेतो. त्यात दुपारच्या उन्हाने डोंगर तापले, की हवा आणखीच खवळते. म्हणून लेहला सकाळीच जायचं.

खरा एअर पॉकेट पाहायचाय? रिकामा पेला उपडा करून बादलीतल्या पाण्यात सरळ खाली दाबा. आत हवा अडकून राहते, तो हवेचा खिसा. हिमकडा कोसळून कुणी बर्फाखाली गाडलं गेलं, तर तोंडापुढे हातांनी राखलेली अशीच ओंजळभर हवा जीव वाचवू शकते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान म्यानमारवर असताना असंच हिंदकळलं. तपासात दिसलं, की एका क्षणी ते ४.६ सेकंदांत १७८ फूट, म्हणजे सुमारे ५४ मीटर खाली आलं होतं. सदतीस हजार फुटांवरच्या विमानाला एवढं खाली येणं म्हणजे काहीच नाही. पण विमान झटक्यात खाली गेलं आणि पट्टा न बांधलेली माणसं आसनावरून वर उडाली. अनेकजण जखमी झाले, एक प्रवासी दगावला. म्हणून पट्ट्याचा दिवा विझला तरी, बसलेले असाल तोवर पट्टा सोडू नका. आईबाबांनाही सांगा!

विमानात बसायला मिळेल तेव्हा मिळेल. तोवर भर दुपारी गच्चीतून आकाशात बघा. घार पंख न हलवता गोल गोल फिरत वर चढताना दिसेल. तिला उचलते ती हीच वर जाणारी हवा. विमानाला हिसके देणारी हवा घारीला मात्र फुकटचा पाळणा!